राजा जिंजीला, चार्ज विशाळगडावर : रामचंद्रपंत अमात्यांची साडेआठ वर्षे

पन्हाळ्यावर गेलेली माणसं तीन दरवाजा बघतात, अंधारबावीत डोकावतात, सज्जाकोठीवर फोटो काढतात आणि झुणका-भाकर खाऊन गड उतरतात. याच गडावर रामचंद्रपंत अमात्यांची समाधी आहे. तिथं मात्र फारसं कोणी थांबत नाही. पंतांचं नाव शाळेच्या पुस्तकात 'आज्ञापत्र'वाले म्हणून एका ओळीत येतं, आणि मार्क मिळाले की विसरलं जातं.

खरं तर या माणसाच्या हातात एके काळी सगळं स्वराज्य होतं. राजा आठशे किलोमीटर लांब, राजधानी शत्रूच्या ताब्यात, खजिना गेलेला, आणि औरंगजेबासारखा बादशहा अफाट फौज घेऊन दारात उभा. अशा वेळी कारभाराचा चार्ज पंतांकडे आला. तो त्यांनी कसा चालवला आणि त्याची किंमत काय मोजली, हे समजून घेण्यासारखं आहे.

आज तहसीलदार रजेवर गेले की चार्ज कोणाकडे, हे कागदावर ठरलेलं असतं. सरपंच नसला तर उपसरपंच बघतो. साडेतीनशे वर्षांपूर्वी राजाच नाहीसा झाला तर काय करायचं, हे कुठंच लिहून ठेवलेलं नव्हतं.

मुजुमदाराचा मुलगा

पंतांचा जन्म १६५० च्या सुमाराचा. घराणं मूळचं कल्याण-भिवंडीकडचं. आजोबा सोनोपंत शहाजीराजांच्या काळापासून भोसल्यांच्या पदरी होते. कल्याणच्या सुभेदारीमुळे ज्यांचं नाव घरोघरी माहीत आहे, ते आबाजी सोनदेव हे पंतांचे चुलते. वडील निळो सोनदेव हे शिवाजी महाराजांचे मुजुमदार, म्हणजे राज्याचा जमाखर्च बघणारे. ते १६७२ साली वारले.

दोन वर्षांनी, ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला. अष्टप्रधानांची जुनी फारसी नावं बदलून संस्कृत नावं दिली गेली आणि मुजुमदाराचा 'अमात्य' झाला. त्या आठ जणांत अमात्य म्हणून रामचंद्र निळकंठ उभे होते. वय अवघं चोवीस-पंचवीस. मोरोपंत पिंगळे, अण्णाजी दत्तो, हंबीरराव मोहिते अशी मुरलेली माणसं शेजारी, आणि त्यांत हा पोरसवदा कारभारी.

महाराजांच्या हाताखाली पंत सहा वर्षं शिकले. कोणत्या गडावर किती दाणा-गोटा, कोणत्या महालातून किती वसूल, कुठल्या पागेला किती खर्च, हे सगळं अमात्याच्या वह्यांतून जायचं. १६८० मध्ये महाराज गेले. त्यानंतर गादीवरून झालेल्या भांडणात अण्णाजी दत्तोंसारखे जुने प्रधान बुडाले. रामचंद्रपंत तगले आणि संभाजी महाराजांच्या कारकिर्दीतही कारभारात राहिले.

दोन महिन्यांत सगळं फिरलं

औरंगजेब दक्षिणेत उतरून सात-आठ वर्षं झाली होती. १६८६ मध्ये त्यानं विजापूरची आदिलशाही बुडवली, १६८७ मध्ये गोवळकोंड्याची कुतुबशाही. त्याच साली वाईजवळच्या लढाईत सरसेनापती हंबीरराव मोहिते पडले. आता बादशहाला एकच काम उरलं होतं.

१ फेब्रुवारी १६८९ ला मुकर्रबखान कोल्हापूरकडून निघून घाटरस्त्यानं अचानक संगमेश्वरला उतरला. संभाजी महाराज आणि कवी कलश कैद झाले. महाराजांना वाचवताना सेनापती म्हाळोजी घोरपडे कामी आले. ११ मार्चला महाराजांची हत्या झाली.

औरंगजेबाचा हिशेब सोपा होता. राजा गेला की राज्य गेलं. विजापूर, गोवळकोंड्याला तसंच झालं होतं. सुलतान पकडला, की सरदार हात बांधून मोगलांच्या चाकरीत.

इथं तसं झालं नाही, आणि त्याचं पहिलं श्रेय महाराणी येसूबाईंना जातं. नवरा शत्रूच्या कैदेत. मुलगा शाहू सात वर्षांचाही पूर्ण नाही. वारसाहक्कानं गादी शाहूची. आई म्हणून त्यालाच बसवायचा हट्ट त्यांनी धरला असता तर कोणी चूक म्हटलं नसतं. पण लहान मुलाच्या नावानं चाललेला कारभार त्या वादळात टिकला नसता, हे त्यांनी ओळखलं. धाकटे दीर राजाराम तेव्हा एकोणीस वर्षांचे होते आणि संभाजी महाराजांच्या काळात रायगडावरच नजरकैदेत होते. फेब्रुवारीतच त्यांना बाहेर काढून मंचकावर बसवलं गेलं. राज्य शाहूंचं आणि आपण ते सांभाळणारे, अशी राजारामांची भावना होती असं सांगतात.

येसूबाईंचा दुसरा निर्णय तर आणखी कठीण होता. इतिकादखानानं मार्चअखेरीस रायगडाला वेढा घातला. हाच पुढे झुल्फिकारखान म्हणून ओळखला जाऊ लागला. राजघराण्यातली सगळी माणसं एकाच गडावर सापडली तर खेळ खलास. म्हणून राजारामांनी बाहेर पडायचं आणि येसूबाईंनी शाहूंना घेऊन गड लढवायचा, असं ठरलं. ५ एप्रिलला राजाराम निसटले. नोव्हेंबरात रायगड पडला. येसूबाई आणि शाहू मोगलांच्या हाती लागले. शाहू १६८९ ते १७०७, अठरा वर्षं कैदेत राहिले. येसूबाईंची सुटका व्हायला तर १७१९ साल उजाडलं.

राजाराम महाराज रायगडावरून प्रतापगडाकडे गेले, तिथून पन्हाळ्यावर. मोगल मागावर होतेच. पन्हाळ्यालाही वेढा पडू लागला. महाराष्ट्रात एकही गड असा उरला नाही, की जिथं राजा महिनाभर निर्धास्त राहील. मग एकच वाट राहिली, शिवाजी महाराजांनी दक्षिण दिग्विजयात जिंकलेली जिंजी. आजच्या तमिळनाडूतला हा बळकट किल्ला. २६ सप्टेंबर १६८९ च्या रात्री राजाराम निवडक माणसांसह वेष बदलून पन्हाळ्यावरून बाहेर पडले. बरोबर प्रल्हाद निराजी, खंडो बल्लाळ ही मंडळी होती. वाटेत पकडले जाता जाता वाचले आणि नोव्हेंबरात जिंजीला पोचले.

हुकूमतपनाह

निघण्याआधी पन्हाळ्यावर जे ठरलं, ते पंतांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं वळण. राजा दक्षिणेत गेल्यावर महाराष्ट्रात निर्णय कोण घेणार? पत्र जिंजीला जाऊन उत्तर परत यायला कित्येक आठवडे लागणार, आणि वाटेत मोगलांच्या चौक्या. तोवर गड पडलेला असायचा, नाहीतर सरदार फुटलेला.

तेव्हा रामचंद्रपंतांना 'हुकूमतपनाह' हा किताब देण्यात आला. हुकूमत म्हणजे सत्ता, पनाह म्हणजे आसरा. थोडक्यात, इथून पुढे सत्तेचा आसरा पंत. नेमणुका करायच्या, माणसं काढायची, फौज पाठवायची, जमिनी द्यायच्या, आणि हे राजाला न विचारता करायचं. पंत देतील ते राजानं दिलं असं समजायचं, राजा ते पुढे पाळेल. हा नुसता प्रभारी चार्ज नव्हता. राजाच्या सहीचीच ताकद एका कारभाऱ्याच्या हाती गेली होती.

पंतच का, हा प्रश्न पडतो. तलवारीचे गडी दुसरेही होते. पण लढणाऱ्यांना पोसायचं कसं, हा त्या वेळचा खरा प्रश्न होता आणि पंत आयुष्यभर तेच करत आलेले. राज्यात दाणा कुठं, पैसा कुठं, कोणता पाटील शब्दाला पक्का आणि कोणता देशमुख दोन्हीकडे पाय ठेवून आहे, हे जमाखर्चाच्या वहीवर वाढलेल्या माणसाला जास्त कळत होतं.

मुक्काम विशाळगडावर हलला. आजच्या शाहूवाडी तालुक्यातला हा गड. मागं कोकण, पुढं घाट, चारी बाजूंनी जंगल आणि पावसाळ्यात तर वाटच सापडत नाही. राजाराम महाराजांच्या राण्याही त्या काळात पंतांच्याच भरवशावर होत्या. पुढे त्यांना समुद्रमार्गानं जिंजीकडे रवाना करण्यात आलं.

पंतांना दोन भक्कम साथीदार मिळाले. शंकराजी नारायण, ज्यांच्या घराण्याचं पुढे भोर संस्थान झालं, आणि किन्हईचे परशुराम त्रिंबक, ज्यांच्या घराण्याच्या गाद्या पुढे औंध आणि विशाळगडला झाल्या. शंकराजींनी १६९० मध्येच राजगड, तोरणा, प्रतापगड या भागातले गड परत घेतले. त्याच वर्षी मे महिन्यात साताऱ्याजवळ मोगल सरदार रुस्तुमखान बायकापोरांसकट पकडला गेला. रायगड पडून सात महिनेही झाले नव्हते, आणि मेलेलं समजलेलं राज्य उलटून चावू लागलं होतं. १६९२ मध्ये परशुरामपंतांनी पन्हाळा परत घेतला, तो १७०१ पर्यंत मराठ्यांकडे राहिला.

मैदानात संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव. त्यांच्या पराक्रमाच्या गोष्टी सगळ्यांना तोंडपाठ आहेत, त्या इथं नकोत. मात्र ते घोडे चंदी कुठून खात होते आणि स्वारांच्या घरी चूल कशानं पेटत होती, हा भाग बखरींत कमी येतो.

गाव बसवायचं कसं

तेव्हाच्या खेड्याची अवस्था डोळ्यांसमोर आणली पाहिजे. आज मोगलांची छावणी शिवारातून जाणार, उभं पीक घोड्यांच्या पोटात. उद्या मराठ्यांची तुकडी येणार, तिलाही वैरण हवी. मोगल आपला वसूल मागणार, मराठे आपला. ज्याच्याकडं बैल राहिले तो बैल घेऊन डोंगरात, ज्याच्याकडं काहीच राहिलं नाही तो मुलूख सोडून परागंदा. गावंच्या गावं ओस.

ओस गावातून वसूल येत नाही, आणि वसूल नाही तर फौज नाही. म्हणून पंतांच्या कारभाराचा पाया लढाईइतकाच कौलावर होता. कौल म्हणजे सरकारी अभय. परत या, जमीन कसा, तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही. पहिल्या वर्षी सारा हलका, पुढे दरसाल थोडा थोडा वाढवत पूर्ण दरावर, त्याला इस्तावा म्हणत. असा कौल देऊन रयत पुन्हा वसवायची ही पद्धत शिवाजी महाराजांच्या वेळची. पंतांनी ती आणीबाणीत चालू ठेवली.

पण कौल कागदावर देऊन भागत नाही. गावात जाऊन तो पाटलानं सांगायचा, परगण्यात देशमुखानं. रयत राजाला ओळखत नव्हती, पाटलाला ओळखत होती. आणि खरी अडचण तिथंच होती.

वतनाचा सौदा

शिवाजी महाराजांनी नवीन वतनं देण्याचं टाळलं होतं. सैनिकाला, कारकुनाला रोख पगार. गढ्या बांधून गुरगुरणाऱ्या देशमुखांना त्यांनी जाग्यावर बसवलं. जमिनीचा मालक झालेला माणूस राज्याचा राहत नाही, हे त्यांनी पुरतं जाणलं होतं. पंत याच शाळेत शिकलेले.

आता औरंगजेबानं नेमकं तेच हत्यार काढलं. मराठा सरदारांना, देशमुखांना तो सनदा वाटू लागला. इकडे या, पिढ्यान्‌पिढ्याची देशमुखी घ्या, मनसब घ्या. कित्येक गेले. ज्याच्या शिवारात मोगलांचा तंबू आहे त्यानं काय करावं? सगळ्यांना फितूर म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्या दिवसांत त्या जागी उभं राहणं सोपं नव्हतं.

पंतांकडं रोख पैसा नव्हता. रायगडाबरोबर खजिना गेला होता. राहिली ती जमीन, आणि तीही बरीचशी शत्रूच्या ताब्यात. तेव्हा पंतांनी आणि राजाराम महाराजांनी ठरवलं, की बादशहा जे देतो ते आपणही द्यायचं. जो सरदार फौज उभी करील आणि मुलूख सोडवील, त्याला त्या मुलखाचा सरंजाम. जो देशमुख परत येईल, त्याचं वतन कायम. काही सनदा तर अजून जिंकायच्या असलेल्या मुलखाच्या होत्या! जिंजीहून राजाराम महाराजांनी घोरपड्यांसारख्या सरदारांना दिलेल्या वचनांत तर थेट दिल्लीपर्यंतच्या मजला मांडलेल्या होत्या.

ही युक्ती लागू पडली, आणि अशी की औरंगजेबाचं गणितच चुकलं. आता पकडायला एक राजा नव्हता. पन्नास सरदार पन्नास ठिकाणी स्वतःच्या हिमतीवर लढत होते, कारण लढले तर जमीन त्यांची होती. एकाला मारलं तर दुसरा उठायचा. फौजेला पगार द्यायची गरज उरली नाही, फौज आपला पगार मोगली मुलखातून चौथाईच्या रूपानं काढू लागली.

किंमत मात्र मोठी पडली. एकदा दिलेली जमीन परत घेता येत नाही. ज्याला सनद मिळाली त्याचा मुलगा ती हक्क म्हणून मागतो. शिवाजी महाराजांनी पंचवीस-तीस वर्षं खपून जे मोडलं होतं, ते संकटाच्या चार वर्षांत पुन्हा उभं राहिलं. पुढच्या शतकात मराठी राज्य अनेक सरदारांच्या जुडग्यासारखं झालं, त्याचं मूळ इतिहासकार याच दिवसांत शोधतात. पंतांना हे दिसत नव्हतं असं मानता येत नाही. त्यांच्याइतकं ते दुसऱ्या कोणाला दिसलं नसेल. पण न देता राज्य बुडवायचं की देऊन तगवायचं, एवढाच पर्याय हातात होता.

त्यात आणखी एक भानगड. वतनासाठी भांडणारे दोघं असले, की एक विशाळगडावर यायचा आणि दुसरा सरळ जिंजी गाठायचा. तिथं राजाभोवतीच्या मंडळींकडून सनद मिळवून परत यायचा. एकाच वतनाला दोन कागद, दोन्ही खरे! राजाचा मोठा म्हणावा तर हुकूमतपनाहाला दिलेल्या शब्दाचं काय? पंतांच्या कारभारातली अशी प्रकरणं मिटवायला वर्षानुवर्षं लागली, काही तर पुढच्या पिढीत गेली. दोन ठिकाणी शिक्का असला की लोक सोयीचा शिक्का शोधतात.

संताजी-धनाजींचं वाकडं आलं, तेही पंतांना थांबवता आलं नाही. दोघांत थेट लढाई झाली आणि १६९७ मध्ये संताजींचा खून झाला. मोगलांना वर्षानुवर्षं जमलं नव्हतं ते घरच्या भांडणानं केलं.

चार्ज परत

१६९८ च्या सुरुवातीला जिंजी पडली, पण राजाराम महाराज त्याआधीच निसटले होते. ते थेट विशाळगडावर आले. साडेआठ वर्षांनी राजा परत आला, आणि पंतांनी कारभार त्याच्या हवाली केला.

हे वाचताना साधं वाटतं. पण जगाच्या इतिहासात अशा वेळी किती कारभाऱ्यांनी सत्ता सोडली? गड पंतांच्या माणसांकडे, सरदारांना सनदा पंतांच्या, आठ वर्षं लोकांनी मुजरे केले ते पंतांना. वाटलं असतं तर राजाला नावापुरता ठेवता आला असता. पुढे सातारच्या छत्रपतींच्या बाबतीत पेशवाईत तसं झालंच. पंतांनी ते केलं नाही.

राजाराम महाराजांना मात्र दोनच वर्षं मिळाली. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर त्यांचं निधन झालं, वय अवघं तीस. पुन्हा तोच प्रश्न. गादीवर कोण? महाराणी ताराबाईंचा मुलगा शिवाजी चार वर्षांचा होता. खरे वारस शाहू आहेत, ते कैदेत असले तरी गादी त्यांची, असं पंतांचं मत होतं असं मानतात. ताराबाईंना ते मान्य नव्हतं. त्यांनी मुलाला गादीवर बसवलं आणि कारभार स्वतःच्या हाती घेतला. त्यांचा जास्त विश्वास परशुरामपंतांवर होता. त्यामुळे रामचंद्रपंत मोठे राहिले, पण शब्द शेवटचा राहिला नाही.

ताराबाईंची सात वर्षांची झुंज हा वेगळा विषय आहे. विशाळगडाचं तेवढं सांगायला हवं. १७०२ मध्ये औरंगजेब स्वतः चालून आला. महिनोन्‌महिने वेढा देऊनही गड पडेना. शेवटी जूनमध्ये पैसे मोजून त्यानं तो ताब्यात घेतला, आणि नेमका मृगाचा पाऊस सुरू झाला. आंब्याकडचा पाऊस काय असतो हे शाहूवाडीकरांना सांगायची गरज नाही. ओढे-नाले फुगलेले, उंट-हत्ती चिखलात रुतलेले, धान्य मिळेना. पन्हाळ्यापर्यंतचं तीस मैलांचं अंतर कापायला बादशाही छावणीला महिन्याहून जास्त दिवस लागले. वाटेत किती माणसं आणि जनावरं गेली याला गणती नाही.

१७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ मेला. मोगलांनी शाहूंना सोडून दिलं. आता गादीला दोन दावेदार झाले, सातारला शाहू आणि पन्हाळ्याला ताराबाईंचा मुलगा. पंतांचे साथीदार पांगले. शंकराजी नारायणांनी त्याच साली या पेचात आपलं जीवन संपवलं. परशुरामपंत खेडच्या लढाईनंतर शाहूंच्या हाती सापडले. रामचंद्रपंत ताराबाईंच्या बाजूनं पन्हाळ्यावरच राहिले. पूर्वी शाहूंचा हक्क मानणारा माणूस आता त्यांच्याविरुद्धच्या गादीत का थांबला, याची चर्चा अजून संपलेली नाही.

१७१४ मध्ये पन्हाळ्यावर राजवाड्यातच पालट झाला. ताराबाई आणि त्यांचा मुलगा कैदेत गेले आणि राजाराम महाराजांची दुसरी राणी राजसबाई यांचा मुलगा संभाजी गादीवर आला. यामागे रामचंद्रपंतांचा हात होता असं बहुतेक इतिहासकार मानतात. ज्या राणीला संकटात विशाळगडावर सांभाळलं, तिलाच म्हातारपणी कैदेत टाकण्यात पंत सामील झाले. पंतांच्या चरित्रातला हा भाग झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

म्हातारपणी लिहिलेलं

याच तरुण संभाजी राजांच्या नावानं १७१५ च्या अखेरीस 'आज्ञापत्र' तयार झालं. ते पंतांनी रचलं असं मानलं जातं. राज्य कसं चालवावं याचा हा लहानसा ग्रंथ. शिवाजी महाराजांच्या हाताखाली काम केलेला, सगळी वादळं बघितलेला साठी ओलांडलेला माणूस नव्या राजाला कानमंत्र देतो आहे, असं ते वाचताना वाटतं.

आरमारासाठी लाकूड हवं तर रयतेची आंब्या-फणसाची झाडं जबरदस्तीनं तोडू नका, असं त्यात बजावलं आहे. ती झाडं लोकांनी लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादं जुनं झाड घ्यायचंच तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावं. टोपीकर, म्हणजे गोरे व्यापारी, यांना समुद्रकाठी वखारीला जागा देऊ नये, असंही सांगितलं आहे. इंग्रजांचं राज्य यायला अजून शंभर वर्षं होती.

गडांवरचं प्रकरण सगळ्यात सविस्तर आहे. पाण्याची टाकी किती, दारूकोठार घरांपासून किती लांब, गडावरचे हवालदार-सबनीस ठराविक मुदतीनं का बदलावेत, हे सगळं. एकाच गडावर एकच अधिकारी वर्षानुवर्षं राहिला की तो गड त्याचाच होतो. ही वाक्यं लिहिणाऱ्यानं १६८९ साल बघितलेलं होतं, हे जागोजागी जाणवतं.

आणि मग वतनदारांचं प्रकरण. वतनदार म्हणजे छोटे राजेच, यांना मोकळं सोडलं तर राज्यात भागीदार होतात, शत्रू आला की आधी त्याच्याशी बोलणी करतात, म्हणून यांना मुठीत ठेवावं आणि नवीन वतन देताना शंभरदा विचार करावा, असा त्याचा आशय आहे. हे लिहिणारा हात तोच होता, ज्यानं विशाळगडावर बसून वतनाच्या सनदांवर शिक्के उमटवले होते.

त्यातली एक सनद पंतांच्या स्वतःच्या घरातही होती. बावड्याची, म्हणजे आजच्या गगनबावड्याची जहागीर अमात्य घराण्याकडे आली आणि घराणं पंत अमात्य बावडेकर झालं. कोल्हापूर संस्थानात ती जहागीर पिढ्यान्‌पिढ्या चालली.

'आज्ञापत्र' लिहून झालं आणि १७१६ च्या सुमारास रामचंद्रपंत पन्हाळ्यावर वारले. समाधी गडावरच बांधली गेली. कोल्हापूरच्या गादीचं अमात्यपद पुढे त्यांच्याच घराण्यात राहिलं. बावड्याची जहागीर मात्र स्वातंत्र्यानंतर जहागिऱ्या खालसा झाल्या, तेव्हा सरकारजमा झाली.